डोळ्यांवाचूनचा कृष्ण

राघोत्तमराव बंदराच्या कचेरीत नकाशे काढत असत. गोदामांचे, धक्क्यांचे, गटारांचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंती आखून देण्यात गेला, आणि स्वतःच्या मनातली एक खोली होती ती काही त्यांना कुणी धड मांडू दिली नाही. त्या खोलीची ही हकीकत. तिच्याबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो असं आमचे हे म्हणतात. चढू दे.

मी मूळची वाईची. लग्नानंतर मद्रासला आले तेव्हा समजलं की इथे मराठी माणसं दोन तऱ्हेची. एक आम्ही, रेल्वेत नाहीतर सरकारी हिशेबखात्यात नोकरीला आलेले, बदली झाली की जाणारे. दुसरे तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, ज्यांना तमिळ लोक ‘रायर’ म्हणतात. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. आमच्यातले पुष्कळजण त्यांच्या बोलण्याला पाठीमागे हसत, आणि काहीजण तोंडावरही.

आमच्या मराठी स्नेहसंघाची जागा जॉर्ज टाउनमध्ये, एका कागदाच्या घाऊक दुकानाच्या वर. रामेश्वरला जाणारे मराठी यात्रेकरू सकाळी सेंट्रलला उतरत आणि संध्याकाळी एग्मोरहून पुढची गाडी धरत. मधला वेळ आमच्याकडे. आंघोळ, जेवण, थोडं आडवं होणं. जाताना कुणीतरी हमखास राघोत्तमरावांना म्हणायचंच, “तुम्ही मराठी छान बोलता हो. कुठे शिकलात?”

“आईच्या पोटांत,” राघोत्तमराव म्हणत.

समोरचा हसायचा. त्याला वाटे, गंमत केली. पण राघोत्तमराव गंमत करणाऱ्यांपैकी नव्हते. बुटके, काळेसावळे, कपाळाला गोपीचंदन, बोटांना कायम खडू नाहीतर शिसपेन्सिल लागलेली. त्यांना हे फार लागे. आपल्याच माणसांनी आपल्याला परीक्षेत पास करावं, तसं.

म्हणून एकसष्ट साली संघाने मागची मोठी खोली ‘तंजावर दालन’ करायची ठरवली तेव्हा त्यांनी ती स्वतःकडे मागून घेतली. संघाचे अध्यक्ष होते जनकोजीराव. विट्याकडचे, जॉर्ज टाउनमध्ये सोनंचांदी गाळायचं दुकान, हात सढळ आणि मतं पक्की. त्यांच्या मनात काचेची कपाटं, दोन तलवारी आणि भिंतीवर तसबिरी असा बेत होता. राघोत्तमराव सभेत उभे राहून म्हणाले, “उन्हांतून आलेला माणूस पाटी वाचत नाही. जेवलेला तर मुळींच नाही. त्याच्या हाताला काम द्या. हाताने केलं तें घरी जाऊन सांगेल.”

“हाताला काम द्यायला त्यो काय गडी हाय का?” जनकोजीराव म्हणाले. पण खोली दिली. सोन्याचा वर्खही आपल्या दुकानातून द्यायचं कबूल केलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

संघाच्या कमिटीत बाई म्हणून मी एकटीच. त्यामुळे खोली झाडण्यापासून पाहुण्यांना पाणी देण्यापर्यंत सगळं माझ्याकडे यायचं, आणि राघोत्तमरावांची खोली मी रोज थोडी थोडी उभी राहताना पाहिली. बंदरातल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचे त्यांनी तिधारी ठोकळे केले आणि आडव्या दांड्यांवर ओवले. एका अंगाला आमचा मराठी शब्द, ठोकळा फिरवला की तंजावरचा, आणखी फिरवला की तमिळ. एका कोपऱ्यात डांगर पच्चडीचं सामान. उडदाचं भाजलेलं पीठ, ताक, हिरवी मिरची. पाहुण्याने स्वतः कालवायची आणि चाखायची. तिथे बसायला त्यांची थोरली बहीण कनकाअक्का. लहानपणी विधवा झालेली, भावाच्या संसारात राबलेली, जिभेला मात्र कुणी कधी लगाम घालू शकलं नव्हतं.

आणि समोरच्या भिंतीवर कृष्ण.

तंजावरची चित्रं ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते. फळीवर कापड डकवतात, वर खडूच्या भुकटीचा लेप. मग चिंचोक्याच्या खळीत भुकटी कालवून दागिने, कमानी, लोण्याचं मडकं असं सगळं उठावाने घडवतात, त्यावर खडे आणि वर्ख, मग रंग. डोळे अगदी शेवटी. डोळे उघडले की तो देव. तोवर नुसतं लाकूड आणि खडू. राघोत्तमराव लहानपणी तंजावरात शेजारच्या चिताऱ्याकडे हे शिकले होते. त्यांनी कंबरभर उंचीवर, बाळकृष्णाची मोठी फळी टांगली. अर्धी रंगवलेली, अर्धी नुसत्या पांढऱ्या उठावाची, म्हणजे कसं होतं ते बोटांना कळावं. डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

“पुरे कधी करणार?” मी विचारलं.

“कधीच नाहीं,” ते म्हणाले. “पुरा झाला तर हात कोण लावील?”

मला ते पटायला दोन दिवस लागले. मी सकाळी पोथी वाचल्याशिवाय चहा घेत नाही. देवाच्या फळीवर प्रवासाच्या हातांनी बोटं फिरवायची ही कल्पना मला आधी नकोशी वाटली. पण डोळे नाहीत म्हणजे अजून देव नाही, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. एकदा दुपारी मी एकटीच असताना हात लावून पाहिला. खरखरीत, गार, पैंजणाच्या एकेका मण्यावर बोट अडत होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

उद्घाटनाआधी एकदा खोली चालवून पाहावी म्हणून मिरजेहून आलेल्या यात्रेकरूंना आत नेलं. बिचारे भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ‘हात लावू नकोस’ एवढंच शिकवलेलं. मोठेपणी कोण धजणार. कनकाअक्काला ते बघवेना. ती ठोकळ्यांकडे बोट दाखवत म्हणाली, “भिऊं नका हो. तोडा. अस्केजण तोडा.”

आता ‘अस्के’ म्हणजे त्यांच्या मराठीत सगळे, आणि तमिळमध्ये ‘तोडु’ म्हणजे हात लाव. तंजावरच्या घरांत तो शब्द मराठी होऊन कधीच बसलेला. मिरजेच्या मंडळींना हे कुठून ठाऊक? एक बाई मला हळूच म्हणाल्या, “अहो, तोडायचं कशाला? चांगलं दिसतंय की.” आणि एक आज्ञाधारक गृहस्थ होते, त्यांनी चष्मा सावरून एक दांडा गुडघ्यावर घेतला आणि कडकन मोडून अक्काच्या हातात दिला.

अक्काने दांड्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. “हें काय केलंत?”

“तुम्हीच म्हणालात.”

“मी तोडा म्हटलं. मोडा कोठें म्हटलं?”

सगळे हसले, मीही हसले, राघोत्तमरावांनी दांडा दुसऱ्या दिवशी नवा बसवला. पण जनकोजीरावांनी ते ऐकलं आणि सगळ्या वस्तूंपुढे जाड दोरी बांधून टाकली. पाहुणे येऊन गेले की सोडू म्हणाले. मुंबईहून कुणी मोठे गृहस्थ उद्घाटनाला यायचे होते.

मग त्यांची नजर कृष्णावर गेली.

त्या सभेत बोलणं असं झालं. जनकोजीराव म्हणाले, “सोनं माझ्या दुकानातलं, आन् देव आंधळा? चांगल्या कामाला आंधळं तोंड बघायचं?”

“आंधळा नव्हे,” राघोत्तमराव म्हणाले. “तो अजून आलाच नाहीं.”

“मग आणा की. कुनी अडवलंय?”

“आला म्हणजे हात लावतां यायचा नाहीं. अस्की खोली त्यासाठींच आहे.”

“हात लावायला ठोकळं हायती. पीठ हाय. देवाला कशाला हात लावताय?”

“अजून देव नाहीं, म्हणून सांगतों तर.”

“म्हंजे माझं सोनं कशावर लावलंय मग?”

राघोत्तमराव उत्तर जुळवायला लागले. त्यांना बोलायला जरा वेळ लागे. मनात तमिळमध्ये जुळवून मराठीत आणत असावेत. तेवढ्यात मतं घेऊन झालीसुद्धा. चिटणिसांनी वाचून दाखवलं, “कृष्णाचे डोळे काढावेत असे ठरले.”

“आधी बसवा तरी,” मी म्हटलं, “मग काढा.”

कुणी हसलं नाही. माझं एक मत विरुद्ध गेलं, एवढंच. राघोत्तमरावांनी डोळे काढायला साफ नकार दिला. मला वाटलं, मग राहील तसंच; दुसरा कोण काढणार? माझा भाबडेपणा. जनकोजीरावांनी राघोत्तमराव कचेरीत असताना माउंट रोडवरचा सिनेमाच्या फलकांचा एक पेंटर आणला. त्याने शिडीही न मागता तासाभरात काम उरकलं. संध्याकाळी उमाकांतशास्त्र्यांना बोलावून प्राणप्रतिष्ठा करवली. मला दुसऱ्या दिवशी, उद्घाटनाची फुलं घेऊन गेले तेव्हा कळलं.

उद्घाटनासाठी भिंतीवर लावलेला पडदा सारला आणि मी आधी हात जोडले. मग पाहिलं. हात जोडले गेले ते गेलेच, त्याला माझा इलाज नव्हता; डोळे उघडले होते. पण कसले डोळे! लांबलचक, काजळ घातलेले, एक भुवई वर. बाळकृष्णाच्या अंगावर सिनेमातल्या नायकाची नजर. एका अंगाला लोणी, आणि मधे हे.

राघोत्तमराव उद्घाटनाला नवं उपरणं घेऊन आले होते. दारातून त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चपला पुन्हा बाहेर नेऊन नीट ठेवल्या, आत येऊन नमस्कार केला, आणि सगळा कार्यक्रम होईपर्यंत खांबापाशी उभे राहिले. मुंबईचे पाहुणे भाषणात म्हणाले की अशी जिवंत दालनं गावोगावी व्हावीत. जाता जाता त्यांनी राघोत्तमरावांना विचारलं, “आपण मराठी कुठे शिकलात?” या वेळी राघोत्तमराव आपल्या चपला शोधायला गेले.

पुढचे महिने आठवले की अजून चिडचिड होते. दालन चाललं. उत्तम चाललं, हेच दुखणं. यात्रेकरू येत, चपला काढत, हळदकुंकू वाहत, नारळ ठेवत, प्रदक्षिणेला जागा नाही म्हणून जागच्या जागी फिरत, आणि गाडी धरायला जात. ठोकळ्यांकडे ढुंकून बघत नसत. पच्चडीचं पीठ दोनदा अळ्या होऊन टाकलं, कारण देवासमोर उष्टं कसं करायचं? दोरी तशीच. कनकाअक्काला काम राहिलं ते समईत तेल घालण्याचं.

“मी गोष्टी सांगायला आले होतें,” ती मला म्हणाली. “तेल घालायला घरीं काय थोडे देव आहेत?”

मी तीन सभांत विषय काढला. पहिल्यांदा ‘पुढल्या सभेत’, दुसऱ्यांदा ‘ताईंना देवाचं वावडं दिसतं’, तिसऱ्यांदा चिटणीस विषयपत्रिकेत घालायचंच विसरले. राघोत्तमरावांनी दुसरी फळी करायची तयारी दाखवली, तर जनकोजीराव म्हणाले, एका खोलीत दोन कृष्ण कशाला, भांडतील. डोळे खरवडून काढा, असंही एकाने सुचवलं. राघोत्तमरावांनी कानावर हात ठेवले. ते स्वतः देवभक्त माणूस; ज्याला नमस्कार केला त्याच्या डोळ्यांना पातं लावतील होय? अडकले होते ते तिथेच. दुसऱ्या कुणाला एवढं अडकता आलं नसतं.

भाद्रपदात आमच्या घरच्या गणपतीची उत्तरपूजा चालली होती. अक्षता टाकल्या, मूर्ती जराशी हलवली, आणि आमच्या ह्यांनी, जे सकाळी सोवळ्याशिवाय चौरंगापाशी फिरकले नसते, त्यांनी मूर्ती उचलून खुशाल कडेवर घेतली आणि म्हणाले, “पिशवी कुठाय?” मी ताम्हन हातात घेऊन तशीच उभी राहिले.

त्याच आठवड्यात मी उमाकांतशास्त्र्यांकडे गेले. “ज्याची प्रतिष्ठा केलीत त्याची उत्तरपूजा होते ना?”

“होते.”

“मग तो पुन्हा फळी?”

“फळी.” शास्त्रीबुवांनी तपकीर ओढली. “पण बाई, उत्तरपूजा झालेलं पुन्हा भिंतीवर नाही चढत. पाण्यात द्यावं लागतं. तेवढं राघोत्तमरावांना विचारा.”

मी विचारलं तेव्हा राघोत्तमरावांनी विचार करायला आठवड्याची मुदत मागितली. आणि अध्यक्ष तर मानणारच नाहीत, हे मी धरून चालले होते. पण मद्रासच्या खाऱ्या हवेने माझं काम केलं. पेंटरने फलकांचाच रंग वापरलेला; पाऊस धरला तसे डोळ्यांखाली काळे ओघळ उतरले. सोलापूरच्या बायकांनी बघितलं आणि ‘देव रडतोय’ म्हणून गळा काढला. दोन दिवसांत कागदवाल्याच्या जिन्यावर रांग लागली. जनकोजीराव मोठ्या व्यवहाराचे, पण अशा गोष्टींना लहान मुलासारखे भिणारे. “माझ्या सोन्यावर देव रडतोय,” ते माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाले. “ताई, तुमी ते काय उत्तरपूजेचं म्हनत होता?”

राघोत्तमरावांना निरोप धाडला. ते म्हणाले, “सरी. होऊं दे.” तमिळमधलं ‘बरं’, एवढंच.

उत्तरपूजा दुपारी झाली. फळी सायकलरिक्षात घालून कनकाअक्का तिला धरून बसली, आम्ही दुसऱ्या रिक्षात, आणि रायपुरमच्या किनाऱ्यावर गेलो. जनकोजीरावांना घाई. “भरती हाय, सोडा लवकर.” पण अक्काला वाळूतून चालवेना. ती जाळी वाळत घातली होती तिथे मटकन बसली, फळी मांडीवर.

जवळच कोळणी मासळी निवडत होत्या. एक उठून आली आणि तमिळमध्ये म्हणाली, “रायरम्मा, हा कोण? हा का रडतोय?”

“रडत नाही ग,” अक्काही तमिळमध्येच बोलली. “रंग वाईट होता. आता तो गेलाय, ही नुसती फळी उरली. बघ, लाव हात.”

त्या बाईने मासळीचा हात लुगड्याला पुसला आणि सरळ लोण्याच्या मडक्यावर ठेवला. मग तिची जाऊ आली, सासू आली, पोरं आली. अक्का एकेकीचं बोट धरून फिरवायला लागली. हे मडकं, हा कापडावरचा लेप, हा चिंचोका, इथे खडा, इथे वर्ख, हा जनकोजीरायरांचा. आमच्या घरात लोण्याला काय म्हणतात, बोल बघू. ती म्हातारी सासू मराठी शब्द बोळक्या तोंडाने म्हणत होती आणि बाकीच्या तिला हसत होत्या. पोरांनी पैंजणाचे मणी मोजले आणि भांडली. आमच्या खोलीत जे एकदाही झालं नाही ते सगळं तिथे, मासळीच्या वासात, भरभर होत होतं. बघताना मला जे वाटलं त्याला आनंद म्हणवत नाही. तिडीक होती.

राघोत्तमराव वाळूत उकिडवे बसून फक्त हात पाहत होते. कुणाचा कुठे जातो, कुठे थांबतो.

“अहो, चला,” जनकोजीराव म्हणाले.

“थोडें थांबा.”

“दिवस मावळतोय.”

“थांबा म्हटलं ना.” राघोत्तमरावांना त्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. जनकोजीरावांनीही नसावं. ते खरंच थांबले.

शेवटी राघोत्तमरावांनीच फळी उचलली, गुडघाभर पाण्यात जाऊन सोडली. लाकूडच ते, लाटेने परत आणून त्यांच्या पायाशी टाकलं. पुन्हा सोडली, पुन्हा आली. कोळणींची पोरं ओरडायला लागली की तिला जायचं नाही. मग एका कोळ्याने फळीला दगड बांधला आणि कट्टुमरमवर, त्या लाकडं बांधलेल्या तराफ्यावर, घालून आत नेली. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिलो. जनकोजीरावांनी डोळे मिटून कसलंसं पुटपुटलं आणि टोपी सरळ केली.

रिक्षांपाशी येताना राघोत्तमराव मला म्हणाले, “कुमुदिनीबाई, अस्क्यांचा हात आधीं लोण्याच्या मडक्याकडे गेला. पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मीं तें वर डाव्या अंगाला घेतलं होतं. नकाशावर शोभत होतं. पण माणूस खालीं बसला म्हणजे हात तेथें पोंचत नाहीं. आणि फळी भिंतीला नको. मांडीवर राहील एवढी लहान हवी. पाटासारखी.” ते अक्काकडे वळले. “अक्का, मांडीवर जड लागत होती?”

“पाय मेला माझा,” अक्का म्हणाली. “तीन लहान कर. एक नको.”

“ताई,” जनकोजीराव मागून म्हणाले, “त्या भिंतीवर मी घड्याळ सांगून ठिवलंय. मोठं. यात्रेकरूंची गाडी चुकत न्हाई मग.”

“भिंत घ्या तुम्ही,” मी म्हटलं. “आम्हाला भिंत नकोच आहे. दोरी तेवढी सोडा.”

“ते सभेत बोलू.”

“सभेत नाही. आज संघावर जाऊन, माझ्यासमोर सोडा.”

ते रिक्षात चढून बसले आणि मला जागा करून दिली. राघोत्तमरावांना त्यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. रिक्षावाल्याने दोनदा हाक मारली तरी ते दोन्ही हात हवेत धरून, मांडीवर पाट किती रुंद मावेल ते अक्काच्या अंगावर मापून पाहत होते, आणि अक्का त्यांचे हात झटकून म्हणत होती, “वाट सोड, लोक पाहतात.”